पाटीच्या कोपऱ्यातलं नाव

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला एक वाईट खोड असते. समोरचा वाचताना अडला की तिला राहवत नाही, पुढचा शब्द तिच्या तोंडून निसटतोच. या खोडीपायी मी घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. आमच्याकडे पेपर मोठ्यानं वाचायची कुणाची छाती होत नाही. पण कधी नव्हे ती एकदा मी ही खोड गिळली, आणि ते किती बरं झालं हे आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

निवृत्तीनंतर घरात बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा बरं, म्हणून मी कंधारला प्रौढ साक्षरतेचा वर्ग घ्यायला लागले. शाळेची एक रिकामी खोली, दुपारची वेळ, शेतातलं आणि घरातलं उरकून येणाऱ्या आठ-नऊ बायका. माझी पद्धत जुनीच. पहिल्यांदा प्रत्येकीनं स्वतःचं पूर्ण नाव शिकायचं, आणि लिहिताना प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणायचं. हाताबरोबर तोंड चाललं पाहिजे, हा माझा नियम. तोंड बंद दिसलं की माझा डस्टर टेबलावर आपटायचा.

त्या बायकांत एक साठीच्या पुढची, काटक, कमी बोलणारी होती. तिला सगळ्या पेंटरीण म्हणायच्या, कारण तिचा नवरा दुकानांचे बोर्ड रंगवायचा. तो जाऊन तीन वर्षं झाली होती, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. ही पेंटरीणबाई लिहायला बसली की माझं डोकं उठायचं. बाकीच्या सरळ 'क' गिरवायच्या. ही आधी अक्षराची बाहेरची रेघ काढायची, आतून पोकळ, आणि मग ते पोकळ पोट खडूनं भरत बसायची. एका अक्षराला पाच मिनिटं.

"अहो, रांगोळी काढायला आलात का तुम्ही?" मी ओरडले.

"असंच येतंय बाई मला," ती म्हणाली.

अक्षर मात्र असं उतरायचं की मी इतकी वर्षं फळ्यावर काढलेली अक्षरं आठवून मला लाज वाटावी. पण लाज वाटली तरी ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हेही मास्तरकीत शिकायला मिळतं.

दुसरी कटकट तिच्या नावाची. आपलं पूर्ण नाव ती लिहायची चोख, पण म्हणताना पहिला शब्द म्हणायची, दुसऱ्याला तोंड मिटायची आणि एकदम आडनावावर उडी मारायची. मी डस्टर आपटला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पालथ्या घड्यावर पाणी आहे हे. मधला शब्द काही केल्या येत नाही यांना." ती खाली मान घालून पाटी पुसत राहिली.

तिच्या शेजारची बाई फिस्सकन हसली. "ओ बाई, मधलं नाव तिच्या मालकाचं हाय. ते कसं घेईल ती तोंडानं?"

मी डस्टर खाली ठेवला. मी स्वतः चाळीस वर्षांच्या संसारात 'अहो'च्या पुढे गेलेली नाही. लग्नाकार्यात बायकांनी फारच धरलं तर उखाण्यात नाव घेतलं असेल, तेवढंच. आणि हे मला कळू नये? त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि जरा नरमाईनं विचारलं की या वयात हे शिकायचं का मनात आलं.

"मला लई काय नको बाई," ती म्हणाली. "येक नाव वाचता आलं की झालं. त्यांचं."

मग तिनं सांगितलं. बोर्ड करताना खडूनं आखून अक्षराची कड नवरा काढायचा आणि पोट ती भरायची. तीस वर्षं हे चाललं. 'किराणा' म्हणू नका, 'टेलर' म्हणू नका, 'सायकल दुरुस्त करून मिळेल' म्हणू नका, या बाईनं हजारो अक्षरं रंगवली होती आणि त्यातलं एकही तिला वाचता येत नव्हतं. बोर्ड झाला की कोपऱ्यात बारीक ब्रशनं तो सही करायचा. सहीला तिनं कधी हात लावला नाही. त्यांच्या धंद्यात रिवाजच तसा होता. ज्यानं कड काढली त्याचा बोर्ड, सही त्याचीच. पोट भरणाऱ्याची नाही.

"आता ते बी न्हाईत अन् बोर्ड बी न्हाईत. समदीकडं फ्लेक्स झाले," ती म्हणाली. "घरात त्यांच्या हातचं येक अक्षर न्हाई बगा. जन्मभर लोकांचंच लिवलं. एकदा डोळ्यानं बघायचंय मला, त्यांच्या हातचं त्यांचं नाव. वाचता येत नव्हतं तवा बघितलं न्हाई, अन् आता वाचता येईल तर बघायला कुठं जाऊ?"

मी म्हटलं, बघू.

त्याच सुमारास नांदेडच्या एका छोट्या चित्रसंग्रहालयातून मला फोन आला. तिथल्या मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या. तुमच्या वर्गातल्या बायकांना दर गुरुवारी आमच्याकडे घेऊन या, म्हणाल्या, चित्रांसमोर बसून वाचायला शिकू. मला हसू आलं. वर्गात फळ्यासमोर बसून जे येत नाही ते चित्रासमोर बसून येणार होय? पण बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, नांदेड बघायला मिळेल, गुरुद्वाराला जाऊन येऊ, असा सगळ्यांनी धोशा लावला आणि आम्ही सहाजणी निघालो.

दारातच सगळ्यांनी चपला काढल्या. पहारेकरी म्हणाला, मावशी, चपला घालून चालतं. कुणी ऐकेना. गार फरशीवर अनवाणी, पदर सावरत, आवाज न करता त्या आत गेल्या. मी मात्र चपला घालूनच गेले, आणि चार पावलं टाकल्यावर माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा झाला. परत येऊन मीही काढल्या.

मॅडमनी आम्हाला एका मोठ्या चित्रासमोर सतरंजीवर बसवलं. भर दुपारचं खळं, कडबा, आणि डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. "वाचायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "नुसतं बघा. जे दिसतंय ते बोला." मनात म्हटलं, झालं, आता चार वाजेपर्यंत हेच. मग वर्गातली सगळ्यांत मठ्ठ म्हणून मी सोडून दिलेली एक बाई पुढे सरकली आणि चित्राकडे बोट करून म्हणाली, "तिला ऊन पायाला लागून राहिलंय. म्हणून टाच उचललीय तिनं."

मी बघितलं. खरंच टाच उचललेली होती. इतका वेळ मी खळं बघत होते, कडबा बघत होते, चित्रकाराची शैली का काय ती बघत होते. टाच मला दिसलीच नव्हती.

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं मोठ्या कागदावर लिहिलं. मग दुसरी बोलली, तिसरी बोलली, सहा-सात वाक्यं झाली. "आता वाचा," मॅडम म्हणाल्या. आणि दोन महिने ज्या बाईला माझ्या पुस्तकातलं 'कमळ' फुटत नव्हतं, ती 'ऊन पायाला लागून राहिलंय' एका दमात वाचून मोकळी झाली. ते तिचंच वाक्य होतं, पाठ असणार, असं म्हणून मी दुसऱ्या कागदावर 'पाय', 'ऊन', 'राहिलंय' सुटे सुटे लिहून तिच्यापुढे धरले. तिनं तेही वाचले. मग माझ्याकडे बघून हसली. मला जन्मभर शिकवून जे कळलं नव्हतं ते एका दुपारी कळत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आनंदाइतकाच रागही येत होता. स्वतःचाच.

असे पाच-सहा गुरुवार गेले. कंधारच्या गाडीत बायका आता बाहेरचे फ्लेक्स वाचायला लागल्या. नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स वाचून त्या अशा काही खिदळायच्या की कंडक्टर वळून बघायचा. पेंटरीणबाई सगळ्यांच्या पुढे गेली होती. तिच्या हातात सगळी अक्षरं आधीपासून होतीच, फक्त त्यांचे आवाज माहीत नव्हते. एकदा तिनं मला सांगितलं की 'ळ' मोठा हावरट, त्याला ब्रश दोनदा बुडवावा लागतो, आणि 'र'चं भागतं थोडक्यात. अक्षरांशी असा घरोबा असलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. तरी मधलं नाव आलं की ती तोंड मिटायची, आणि मीही आता त्या वेळी खिडकीबाहेर बघायला शिकले होते.

एका गुरुवारी मॅडम म्हणाल्या, "आज आपण चित्रं नाही, अक्षरं बघू." त्यांनी मागची एक खोली उघडली. भिंतीवर जुने पत्र्याचे बोर्ड लावलेले होते. फ्लेक्स आल्यावर भंगारात गेलेले बोर्ड त्यांनी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत फिरून जमा केले होते. मला हे ठाऊक नव्हतं. मी पेंटरीणबाईकडे पाहिलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली होती.

जन्मभर हे बोर्ड माणसांच्या डोक्यावर उंच टांगलेले असतात. मान वर करून कामापुरतं बघायचं आणि दुकानात शिरायचं. इथे ते डोळ्यांच्या उंचीवर होते. इतक्या जवळून मी कधी दुकानाचा बोर्ड बघितला नव्हता. वेलांटीची वळणं, अक्षरांमागची सावली, कुठे ब्रशचा एखादा केस रंगात अडकून राहिलेला. त्या खोलीत मला देवळात गेल्यासारखं वाटलं, हे मी बिनदिक्कत सांगते.

ती एकेका बोर्डासमोरून चालत गेली. वाचत नव्हती. हात बघत होती. "हे यांचं न्हाई. हे बी न्हाई. हे कुणा घाईच्या माणसाचं हाय." मग एका टेलरच्या बोर्डापाशी थांबली आणि तिचा आवाज बदलला. "हे यांचं. कड यांची, पोट माझं." तिनं खाली कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा गंजून गेला होता. सहीच्या जागी पत्र्याला बोटभर भोक होतं. तिनं त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. पहारेकरी हात लावू नका म्हणायला पुढे आला, मॅडमनी त्याला नजरेनंच थांबवलं.

"गेलं," ती म्हणाली.

मला वाईट वाटलं आणि मी नेहमीसारखं काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात ती शेवटच्या भिंतीकडे गेली. तिथे खताच्या दुकानाचा एक लांब बोर्ड होता, रेणापूरचा. रेणापूर तिचं माहेर. बोर्ड बघून ती हसली.

"हा शेवटच्या शेवटच्यातला," ती म्हणाली. "त्यांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं त्याच्या नंतरचा. हात उचलत नव्हता. बाजेवर बसून सांगायचे, अन् कड बी म्याच काढायची. लई रागवायचे. रेघ हलली की म्हणायचे, पूस. पाच पाच बार पुसायला लावलं बगा ह्या बोर्डाला. सही तेवढी तेच करायचे, डाव्या हातानं. तवा मी तिकडं बघायचे बी न्हाई. हा माझ्या भावानं एसटीच्या टपावर घालून नेला."

तिनं बोर्ड वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, माझ्या नियमाप्रमाणे. "येथे... सर्व... प्रकारची... बी-बियाणे... व... खते... मिळतील." आपण स्वतः काढलेलं, स्वतः भरलेलं वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. बाकीच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. तिनं हातानंच त्यांना थांबवलं.

कोपरा शाबूत होता. पिवळ्या रंगात, वाकडीतिकडी, डाव्या हातानं काढलेली बारीक अक्षरं. तिनं पदर तोंडाला लावला. "बाई, तुमी जरा पल्याड व्हा. म्या मनात वाचते."

मी बाजूला झाले, पण माझी नजर माझ्या आधी तिथे पोचली होती. शिकलेल्या माणसाला न वाचायचं ठरवून वाचणं थांबवता येत नाही. कोपऱ्यात दोन शब्द होते. दुसरा होता 'पेंटर'. आणि पहिला शब्द तिच्या नवऱ्याचं नाव नव्हता. माझ्या हजेरीपटावर ते नाव पहिल्या दिवसापासून मी माझ्या हातानं लिहीत आले होते. ते तिचं नाव होतं.

शब्द जिभेवर होता. सगळी खोड, सगळी मास्तरकी उसळून वर आली होती, आणि मी पदराचा बोळा करून दातात धरला.

ती बोट ठेवून वाचत होती. पहिलं अक्षर. तिचे ओठ पदराआड हलले आणि थांबले. ती परत मागे गेली. तोंडावरचा पदर खाली आला. मग ती बोर्डाच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली, तिथे काही नव्हतं. वरचे दोन्ही कोपरे बघून आली.

"यांचं कुठाय?" तिनं मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एवढंच आहे. वाचा."

तिनं वाचलं. मोठ्यानं. स्वतःचं नाव, पुढे पेंटर. स्वतःचं नाव घ्यायला कुठल्या बाईला बंदी आहे? पण तिनं ते असं घेतलं, जसं दुसऱ्या कुणाच्या दारात उभं राहून कुणाला तरी हाक मारावी. परत वाचलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

मॅडमना काही कळेना. मी त्यांना सांगितलं, की हा बोर्ड यांनी काढलाय, कडेसकट, आणि ज्यानं कड काढली त्याचीच सही असते. खताच्या दुकानात येणाऱ्या जाणाऱ्या शेकडो लोकांनी ते वाचलं असेल. बायकोच्या नावानं धंदा काढलाय, असंच त्यांना वाटलं असणार, दुकानांना नाही का बायकापोरींची नावं देत. आणि तिच्याच माहेरात, तिच्याच डोक्यावर, ते इतकी वर्षं टांगलेलं होतं. ज्या माणसानं बायकोला कधी नावानं हाक मारली नसेल, त्यानं लुळ्या पडलेल्या अंगानं, डाव्या हातानं रिवाज पाळला होता. मी त्या माणसाला कधी बघितलं नाही. पण त्या क्षणी तो मला फार मोठा वाटला.

"सांगितलं का नसेल तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"सांगितलं असतं तर म्या पुसून टाकलं असतं," ती म्हणाली.

मग ती रडली. बाकीच्या बायका तिच्याभोवती बसल्या आणि मीही फरशीवर बसून सगळ्यांसमोर रडले. मला वाटत होतं की हिला हवं होतं ते मिळालंच नाही. त्यांच्या हातचं त्यांचं नाव. ते गंजात गेलं, आणि आता दुसरा बोर्ड काही सापडायचा नाही. तिलाही ते कळलं असावं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि भिंतीकडे बघत राहिली. प्रत्येक बोर्डाखाली एक पांढरी पट्टी होती, आणि सही गेलेल्या सगळ्या बोर्डांखालच्या पट्ट्यांवर एकच ओळ होती. ती तिनं हळूहळू वाचली, "रंगवणारा माहीत नाही."

"हे खोटं हाय," ती म्हणाली.

"हो," मॅडम म्हणाल्या. "आता बदलू. काय लिहू सांगा."

"तुमी नका लिवू. मला द्या."

मॅडमनी कोरी पट्टी आणि काळं पेन दिलं. ती टेलरच्या बोर्डाखाली, त्या भोकापाशी, मांडी घालून बसली. पट्टी गुडघ्यावर धरली. कड काढली नाही, पोट भरलं नाही, बाकीच्या बायका लिहितात तसं सरळ लिहायला लागली. आम्ही सगळ्या तिच्या हाताकडे बघत होतो. अक्षर काढता काढता ती ते मोठ्यानं म्हणत होती, आणि पहिल्याच अक्षराला मला कळलं की हे तिचं नाव नाही. मी सवयीनं खिडकीकडे मान वळवली. पण ती थांबली नाही. एकेक अक्षर, स्पष्ट, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणत तिनं नवऱ्याचं नाव पूर्ण घेतलं, पुढे 'पेंटर' लिहिलं आणि पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाई, बराबर हाय का बगा."